यादीत दोनदा आलेली गावं

लातूर-नांदेडकडच्या गावांची यादी आणि प्रत्येक गावाची नकाशावरची जागा, एवढंच त्या सॉफ्टवेअर पॅकेजमध्ये होतं. ओपन सोर्स, म्हणजे कुणीही फुकट वापरावं असं. क्लासेसची ऑफिसं मुलांचे पत्ते भरायला ते वापरत, काही शाळाही. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी कित्येक वर्षं त्याकडे पाहिलंही नव्हतं. मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. बायोडेटात लिहायला काहीतरी हवं होतं. सांभाळायला मागितलं. त्यांनी लगेच दिलं, सोबत मोबाइल नंबर. "यादीत काही खटकलं तर आधी फोन करा."

फोन करणं मला जमत नाही. अनोळखी माणसाशी मराठीत बोलताना माझं वाक्य अर्ध्यातून इंग्रजीकडे वळतं आणि समोरचा अवघडतो.

यादीत काही गावं दोनदा होती. नाव तेच, जागा थोडी वेगळी. वर मराठीत एक ओळ: दोन्ही राहू द्या. कोडमध्ये मराठी मला गावंढळ वाटलं. ओळ काढली, प्रत्येक जोडीतली पहिली नोंद काढली, नवी आवृत्ती सोडली. दोघातिघांनी पसंतीचे अंगठे दिले. मी खूश.

सुट्टीत लातूरला घरी आले, तेव्हा औशाकडच्या एका शिक्षकांचा मेसेज आला. "मॅडम, आमचं जुनं गाव कुठं गेलं? दरवर्षी भूकंपाच्या दिवशी पोरांना तिथं नेत असतो. नकाशावर शोधायलीत, सापडंना."

बाबांना स्क्रीन दाखवली. "एकच गाव दोनदा होतं, म्हणून..."

"दोनदा न्हाई गं ते. एक पडलेलं, एक नंतर बांधून दिलेलं. लातूरची ना तू?"

शाळेत भूकंपावर इंग्रजीत निबंध लिहून मी पहिलं बक्षीस घेतलं होतं. बाबांनी त्याची आठवण काढली नाही. मलाच झाली.

नोंदी परत आणायला पाच मिनिटं लागली. ती मराठी ओळही जागेवर ठेवली. शिक्षकांना 'फिक्स्ड' एवढंच लिहिलं, पुसलं, 'चूक माझी होती' लिहिलं. मग पॅकेज लिहिणाऱ्यांनी दिलेला तो नंबर लावला.

मी कोण ते सांगितलं, काय केलं ते सांगितलं.

"पाहिलं होतं मी, त्याच दिवशी," ते म्हणाले. "म्हटलं, येईल फोन."

"सॉरी सर, आय... मला माहीत नव्हतं."

"असू द्या. बाहेरच्या माणसाला कसं कळणार? तुमचं गाव कोणतं?"

"लातूर," मी म्हणाले.