मंजुरीआधी हात लावू नये

आमच्या भावजींना व्हॅनवाले थंडोबा म्हणतात. ह्यांचे हे धाकटे भाऊ दूध आणि औषधं वाहणाऱ्या गाड्यांच्या शीतपेट्या दुरुस्त करतात, म्हणून. नाव ठेवणाऱ्यानं माणूस नीट पाहिलाच नसावा. जेवताना पाय हलतोय, बोलताना हातात स्क्रू फिरतोय, आणि गप्प बसले की समजावं, डोक्यात काहीतरी शिजतंय.

शिजत होतं ते असं. शीतपेटी गार ठेवायला गाडीत एक वेगळं डिझेल इंजिन असतं. गाडी उभी असली तरी ते धडधडतं आणि धूर ओकतं. भावजींचं म्हणणं, ब्रेक मारताना गाडीचा जोर फुकट जातो, त्याची वीज करू, बॅटरीत साठवू आणि तिच्यावर पेटी चालवू. ते इंजिनच नको. कल्पना झकास, पण वर्कशॉप म्हणजे हातावरचं पोट. मी जन्मभर वाहतूक कंपनीत पत्रव्यवहार सांभाळलेली बाई, नुकतीच निवृत्त झालेली. म्हटलं, सरकार असल्या कामाला अनुदान देतं म्हणतात ना, मग आपल्याला का नाही?

विचारायला सोपं होतं. एक योजना फक्त विद्यापीठांसाठी, दुसरी मोठ्या कारखान्यांसाठी, तिसरीची मुदत मी वाचेपर्यंत संपलेली. माझे डोळे बटाट्याएवढे झाले, पण शेवटी एक सापडली: कमी धूर सोडणाऱ्या वाहनांच्या तंत्रासाठी, लहान वर्कशॉपनाही खुली. अट मात्र विचित्र. मंजुरीआधी काम सुरू केलेलं आढळलं तर अर्ज रद्द.

अर्जावर सही करताना भावजी थांबले.

"वहिनी, इथं लिहिलंय, पेटी ठरलेलं तापमान राखेल."

"मग? राखेल ना?"

"राखायला हवी."

"मग करा सही."

केली. पेन मात्र कितीतरी वेळ परत दिलं नाही. मला वाटलं, विसरले.

वर्कशॉपच्या मागच्या खोलीत प्रयोगासाठी ठेवलेली त्यांची जुनी व्हॅन उभी होती. मी त्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. माणसाचे हात शिवशिवायला लागले की अटीबिटी कोण बघतो? तेव्हापासून माझाच जीव टांगणीला लागला. वर्कशॉपमधून पान्याचा आवाज आला की मी काहीतरी निमित्त काढून डोकावून यायची. प्रत्येक वेळी भावजी दुसऱ्याचीच गाडी दुरुस्त करत असायचे आणि माझ्याकडे चोरासारखे बघायचे. ह्यांनी तर मला जेलर म्हणायला सुरुवात केली.

पाहणीला अधिकारी येणार असल्याचं पत्र आलं. आदल्या दिवशी सकाळी मी खोली झाडायला गेले. व्हॅनवर धूळ नव्हती. मनात पाल चुकचुकली. पेटीचं दार उघडलं तर अंगावर गारवा आला. इंजिन बंद, कुठं कसला आवाज नाही, आणि आत गारेगार.

"भावजी!"

ते दारात येऊन उभे राहिले. "दुसरी किल्ली मीच करून घेतली, वहिनी. तुम्ही तुमच्या ताईंकडे राहायला गेला होतात तेव्हा गाडी फिरवूनही आणली."

खाली वाकून पाहिलं. भंगारातले तुकडे, दोरीनं बांधलेल्या वायरी. अशी गाडी रस्त्यावर रोज धावणं शक्य नव्हतं, पण सुरुवात ती सुरुवातच. मी नको नको ते बोलले. हे म्हणाले, "काढून ठेव रे सगळं. हात दाखवून अवलक्षण कशाला?" भावजींनी मान हलवली आणि संध्याकाळपर्यंत सगळं काढून ताडपत्रीखाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अधिकारी बाई आल्या. शांत, नेमक्या बोलणाऱ्या. सगळं बघून त्यांनी फाईल उघडली. "काम सुरू केलेलं नाही ना?"

'नाही' माझ्या जिभेवर आलंच होतं.

"केलंय," भावजी म्हणाले आणि त्यांनी ताडपत्री ओढली.

बाईंनी वाकून एकेक तुकडा पाहिला. "तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं," त्या म्हणाल्या. "पण आता कळलंय." फाईल मिटली. गेल्या.

मी चिडले होते, रडवेली झाले होते. "तोंडाला कुलूप घालता आलं नाही तुम्हाला? एवढे दिवस कळ काढली, अजून थोडी निघत नव्हती?"

भावजींचा पाय हलायचा थांबला होता. "हात शिवशिवत होते म्हणून नाही केलं, वहिनी. सही केल्यापासून झोप नव्हती. चालेल असं लिहून दिलं, आणि चालेल की नाही हे मलाच माहीत नव्हतं. लोकांचा पैसा तो. घेतला आणि पेटी गरमच राहिली असती तर तोंड कुठं लपवलं असतं?"

इतके दिवस जिला मी खुमखुमी समजून कुलपात ठेवत होते, ती भीती होती.

मी पुन्हा शोधायला बसले. आता एक योजना आहे, तयार केलेलं यंत्र रस्त्यावर तपासून घेण्यासाठी. भावजींनी सगळं पुन्हा जोडलंय आणि अर्जही मी भरलाय. शेवटच्या पानावर भावजींच्या सहीखाली आणखी एक सही हवी: वर्कशॉपचा व्यवहार बघणाऱ्या व्यक्तीनं लिहून द्यायचंय की यंत्र काम करतं. व्यवहार बघते मी.

काल पेन घेऊन बसले. सही करायला कितीसा वेळ लागतो? त्या दिवशीचा गारवा आठवला. पण तेव्हा ते सगळं जागच्या जागी होतं. काढून पुन्हा जोडल्यावरही तसंच चालेल? आणि आठवडाभर? उन्हात? ह्यांनी चहा आणून ठेवला, तो निवला.

"भावजी, किल्ली काढा," मी म्हटलं. "आधी गाडी फिरवून आणू."

त्यांनी खिशातून स्वतः केलेली किल्ली काढून दिली. कुलूप मी उघडलं आणि व्हॅनमध्ये त्यांच्या शेजारी जाऊन बसले. पहिल्या वळणावर त्यांनी ब्रेक मारला तेव्हा कळलं, पेन अजून माझ्या मुठीतच होतं.