चालू मिक्सर

आमच्या घरात बंद पडलेल्या वस्तू कुणी उघडत नाही; चालू असलेल्याच उघडल्या जातात. आज सकाळी बाहेर नणंद डोशाचं ताट घेऊन बसलेली, आणि चटणीचा मिक्सर ओट्यावर उताणा.

"डाळं वाटताना हा वेगळा ओरडतो आणि खोबरं वाटताना वेगळा. असं का?" नवरा स्क्रू काढत म्हणाला.

"हे आत्ताच कळायला हवं?"

"मग कधी?"

जगातले सगळे शोध असेच लागले म्हणे. लागले असतील. पण पहिलं चाक घडत होतं तेव्हा त्या घरात जेवणासाठी कोण ताटकळलं होतं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. कुतूहल एकाचं आणि पसारा मात्र दुसऱ्याने आवरायचा.

मी चडफडत खलबत्ता काढला. आधी डाळं कुटलं, मग खोबरं घातलं. आवाज खरंच बदलला. मी थांबले. चमचाभर पाणी घालून पाहिलं, तर पुन्हा बदलला.

"वहिनी, चटणी होतेय ना?" बाहेरून नणंदेने विचारलं.

"आलेच," म्हणाले, आणि आणखी मूठभर डाळं टाकून कान खाली नेला.