टेबल टेनिसच्या टेबलावर पानिपत

आमच्या ग्रुपने आजवर कोणकोणत्या लढाया अभ्यासल्या ते वहीत व्यवस्थित लिहिलेलं आहे. किस्से मात्र कोणी लिहून ठेवले नाहीत, ते आपोआप साठत गेले. चहाला बसलं की एक निघतो, त्याला धरून दुसरा, आणि त्या दिवशीची लढाई राहते बाजूला!

आम्ही पाच जण. दर रविवारी सकाळी मुलुंडला आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये जमायचं, एखादी जुनी लढाई मांडायची आणि कोण कुठे चुकलं ते शोधायचं. रणांगण म्हणजे तिथलं टेबल टेनिसचं टेबल. मी दातांच्या कवळ्या बनवते, त्यामुळे सैन्य पुरवायचं काम माझ्याकडे. उरलेल्या प्लास्टरचे घोडे आणि कवळीच्या गुलाबी मटेरियलचं पायदळ! नवा माणूस बघून जरा दचकतोच.

*

सुरुवातीला सोसायटीत कोणालाच कळेना की ही माणसं आत करतात काय. त्यात आमचे जोशीकाका. विमा कंपनीतून रिटायर झालेले, देह किडकिडीत, पण आवाज तोफखान्याचा.

एका रविवारी ते रंगात येऊन ओरडले, "डावीकडून कापा त्यांना! एकही सुटता कामा नये!"

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी घाबरून वॉचमनला पळवलं. तो काठी उगारून आत आला. बघतो तर पाच माणसं, एक वाटी फुटाणे आणि शंभरेक गुलाबी शिपाई!

सोमवारी बोर्डावर सेक्रेटरींची नोटीस लागली: 'क्लबहाऊसमधील लढाया सकाळी दहापर्यंत आटोपाव्यात. आरडाओरडा करून कोणालाही कापू नये.'

ती नोटीस आम्ही लॅमिनेट करून घेतली.

*

मोरेकाका विक्रोळीचे. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, बोलणं अगदी मोजकं. त्यांच्या उलट सविता. घाटकोपरच्या एका शाळेत इतिहास शिकवते आणि हरणं तिला मान्यच नाही.

पालखेडच्या दिवशी सविता निजाम झाली आणि मोरेकाका मराठे. पालखेडला मोठी हातघाई झालीच नव्हती. मराठ्यांनी निजामाला आपल्या मागे पळव पळव पळवलं आणि शेवटी पाण्यापासून तोडलं. हे सविताला पाठ होतं. म्हणून तिने टेबलावरची नदी आधीच तोफांनी घेरून टाकली.

"आता या, काका!" ती म्हणाली.

मोरेकाका एक घोडा पुढे सरकवतील तर शपथ! उठायचे, बाहेर जायचे, परत येऊन बसायचे. असं चार-पाचदा झालं.

"अहो, चाल करा ना!"

"करतोय."

मे महिना, वर पंखा बंद. साडेनऊला सविताने बॅगेत हात घातला. पाण्याची बाटली गायब! माझीही गायब. सगळ्यांच्याच गायब. कूलरकडे धावलो, तर त्याचा कॉक कोणीतरी बंद केलेला.

बाहेर बाकावर मोरेकाका बसले होते, मांडीवर पाच बाटल्या.

"काका, हे काय?"

"पालखेड," ते म्हणाले. "तहाच्या अटी बोला, मॅडम."

सविताने कागदावर सही केली, तेव्हा कुठे आम्हाला घोटभर पाणी मिळालं!

*

उंबरखिंड टेबलावर नीट समजत नाही, असं मोरेकाकांचं मत. "मोगल खानाची एवढी मोठी फौज खिंडीत अडकते कशी, ते पायाने बघावं लागतं." म्हणून आम्ही थेट खोपोलीच्या बाजूला गेलो. आमच्यातले पाचवे, डॉम्निक अंकल, मनोरीहून पहाटेची बोट पकडून आले. ईस्ट इंडियन माणूस, म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिस्ती; गावात शेती आणि थोडी मासेमारी. येताना घरची डझनभर केळी घेऊन आले होते.

वाट अरुंद. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला काटेरी झाडी. आम्ही एकामागे एक चाललो होतो. सविता सांगत होती, "बघा हं, इथे पुढचा थांबला की मागच्याला वळताही येत नाही..."

आणि समोरून म्हशी आल्या! दहा-बारा तरी असतील. मागे वळलो, तर मागूनही म्हशी! कळपाचा अर्धा भाग आम्हाला गाठत येत होता.

वरून एक बाई ओरडली, "अहो, म्होरं येऊ नका, मागं सरा!"

"मागे पण तुमच्याच आहेत हो!" जोशीकाकांचा तोफखाना दरीत घुमला.

"मग गप हुबं ऱ्हावा! हातातलं टाका खाली!"

सविता कुजबुजली, "शरण जाऊ या. त्या लढाईतसुद्धा खानाला शरण जायचा सल्ला एका बाईनेच दिला होता."

डॉम्निक अंकलनी केळी खाली ठेवली. पुढच्या म्हशीने पिशवीसकट ओढली. खानही सगळं सामान ठेवूनच सुटला होता.

मोरेकाका तेवढेच खूश! "झाला अभ्यास. चला."

*

पानिपत आम्ही सहा वेळा मांडलं, पाचही जण मराठे आणि समोरची बाजू फाशांवर. सहाही वेळा हरलो. दरवेळी तेच व्हायचं. तोफा चांगल्या चाललेल्या असताना आपले घोडेस्वार उतावळे होऊन पुढे घुसायचे आणि आपल्याच तोफा गप्प व्हायच्या. घोडेस्वार नेहमी जोशीकाकांकडे! त्यांना धीर म्हणून धरवायचा नाही.

सातव्यांदा सविता त्यांच्या शेजारी बसली. काकांचा हात घोड्याकडे गेला की ती नुसतं म्हणायची, "काका, थांबा."

काका थांबले. कपाळावर घाम. फासे पडले, पुन्हा पडले. दुपार झाली, म्हणजे टेबलावर. समोरचं राखीव सैन्य तोफांपुढे आलं आणि तोफा बोलत राहिल्या. शेवटचा फासा पडला आणि मोरेकाका हळूच म्हणाले, "फळी फुटली त्यांची."

आम्ही जिंकलो होतो! ओरडायला तोंड उघडलं, पण जोशीकाकांकडे बघून सगळे गप्प झालो. एक प्लास्टरचा घोडा मुठीत धरून ते रडत होते.

"थांबता आलं असतं गं," ते सविताला म्हणाले. "एवढंच करायचं होतं."

मग त्यांनी घरी फोन लावला. "अगं, ऐकतेस का? पानिपत जिंकलो!"

काकू पलीकडून म्हणाल्या, "मग सगळ्यांना घेऊन या. गोडाचा शिरा करते."

*

वसईचा वेढा मात्र आम्ही कधीच मांडला नाही. डॉम्निक अंकल म्हणायचे, "वसई सोडून काहीही घ्या. आमची माणसं पोर्तुगीजांबरोबर तटाच्या आत होती आणि मी तुमच्यात बसतो. माझा घोडा मी कुठे ठेवू?" कोणी आग्रह केला नाही.

मग गेल्या हिवाळ्यात तेच एकदम म्हणाले, "ती घंटा बघायचीय."

वसई जिंकल्यावर मराठ्यांनी तिथल्या चर्चमधल्या घंटा नेल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत बांधल्या. त्यातली एक घाटावरच्या एका देवळात आहे. आम्ही गाडी करून गेलो.

मंडपात घंटा टांगलेली होती. तिच्यावर क्रॉस अजून स्पष्ट दिसतो. अंकल बराच वेळ तिच्याखाली उभे राहिले. वयस्कर गुरुजी जवळ आले.

"वाजवा ना," ते म्हणाले.

"मी मनोरीचा. कॅथलिक."

"बरं. मग जरा जोरात वाजवा."

अंकलनी आधी फोन लावला, घरी, त्यांच्या आत्याला. आत्या नव्वदीच्या पुढची, डोळ्यांनी दिसत नाही. त्यांच्या बोलीत चर्चलाही देऊळच म्हणतात. फोन स्पीकरवर ठेवून त्यांनी दोन्ही हातांनी घंटा वाजवली. असा खोल आवाज मी कुठल्या देवळात ऐकला नव्हता. तो विरेपर्यंत कोणी हललं नाही.

फोनमधून आत्याचा आवाज आला. "कंच्या देवलात हायस रं, डॉम्निक?"

अंकलनी घंटेकडे बघितलं, मग गुरुजींकडे.

"आपल्याच, आत्या."

"मंग माज्या नावाची एक मेणबत्ती लाव."

गुरुजींनी कनवटीची काडेपेटी काढली आणि फोनकडे वाकून म्हणाले, "आजी, मेणबत्ती नाही हो इथे. समई चालेल का?"