आषाढातलं ताजं पापलेट

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखणाऱ्यांत खवय्या म्हणून माझी फार मोठी अब्रू आहे.

हल्ली रत्नागिरीतल्या खानावळींचं कौतुक करायची साथ आलीय, ठाऊक असेल. मुंबई-पुण्याहून माणसं येतात, फोटो काढता काढता जेवण गार करतात आणि ‘अस्सल कोकणी चव’ असं लिहून मोकळी होतात. त्यांना भिंतीवर कंदील लागतो. केळीचं पान लागतं, तेही स्टीलच्या ताटाच्या मापाने गोल कापलेलं. कालवणातलं तिरफळ काढून ठेवायचं असतं हे ज्यांना कळत नाही, ते आमच्या बांगड्याला गुण देणार! हसू नको तर काय करू?

पण त्यांतल्या एकाला गावभर मिरवलं कोणी? मीच.

मी शाळामास्तर, आता निवृत्त. बायकोची नोकरी चिपळुणात, त्यामुळे बारा वर्षं दुपारचा जेवलो तो सुमनताईंच्या खानावळीत. घराच्या पडवीत चार टेबलं, बस्स. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत ही बाई ताजा मासा शिजवत नसे. परमुलखातला बर्फातला मासा गिऱ्हाइकाच्या पानात वाढणं तिला पाप वाटे. दाराशी फळ्यावर खडूने लिहायची — ‘आज सुकं’. मग सुकी मासळी — सोड्यांचं कालवण, सुकटीची चटणी — आणि कुळथाची पिठी. इतकं चांगलं जेवण मी दुसरीकडे कुठेही जेवलो नाही. हे तरी खरं सांगतोय.

त्या आषाढात एका मासिकाचा माणूस आला, गावातल्या उत्तम खानावळींची यादी करायला. कोणीतरी त्याला माझं नाव दिलं होतं. तो येणार हे मीच सुमनताईंना आधी सांगितलं — फुशारकी, दुसरं काय? त्यांचा मुलगा नालासोपाऱ्याला. खानावळ बंद करून इकडे ये, म्हणून त्यांच्या मागे लागलेला. त्यांना जायचं नव्हतं. त्यांनी त्याला कळवून टाकलं — मासिकात येऊ दे, मग बघू.

आणि तो माणूस मला विचारतो, तुम्ही स्वतः कुठे जेवता?

काय अवघड होतं हो त्यात? पण मी त्याचा पांढराशुभ्र शर्ट पाहिला, आणि मला — कसं सांगू — सुकटीच्या वासाची लाज वाटली. त्या वासात मी बारा वर्षं जेवलो, बोटं चाटत. म्हणालो, “एक बाई आहेत, पण पावसात बंद असतं.”

त्याला नेलं कंदीलवाल्या नव्या हॉटेलात. मालक म्हणाला, पापलेट आजच बंदरावरून आलंय. अख्खं मिरकरवाडा बंदर बंद, होड्या ताडपत्रीखाली, आणि मी — समुद्राकाठी जन्मलेला गाढव — मान डोलावली. वर ‘वा!’ म्हणालो. मासा कापसासारखा लागत होता. त्या शहाण्याने मिटक्या मारत खाल्ला, आणि मनातल्या मनात मी त्यालाच हसलो. कोणाला हसत होतो मी?

यादीत ते हॉटेल पहिलं आलं. शेजारी माझा फोटो, खाली ‘स्थानिक जाणकार’.

सुमनताईंनी मासिक दोनदा चाळलं. मीच आपणहून म्हणालो, “मी तुमचं नाव सांगितलं होतं, त्यांनी गाळलं.” भित्र्या माणसाला दुसरं खोटं शोधावं लागत नाही, ते तोंडात तयारच असतं. त्यांनी मला वाढायला घेतलं. म्हणाल्या, “असूं दे मास्तर. तुम्ही सांगितलंत, हेच पुष्कळ.”

दिवाळीनंतर मुलगा न्यायला आला. मी स्टँडवर पोचवायला गेलो — कोडगेपणाला काही सीमा? गाडी लागायची होती. सुमनताई मुलाला म्हणाल्या, “मास्तरांनी आपल्यासाठी सांगितलंनी रे. त्या मुंबयवाल्यानंच छापलंन नाय. पाया पड त्यांच्या.”

तो वाकला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला.