धापेला नाव मिळालं

गोडादऱ्याच्या वस्तीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी घरी साड्यांना लेस लावते, नवरा पलसाण्याला डाइंग मिलमध्ये आहे. धाकटी झाली त्या वर्षी मला जिना चढताना धाप लागायला लागली. एका डॉक्टरांनी दमा सांगितला, दुसऱ्यांनी रक्त कमी, तिसऱ्यांनी टेन्शन. पंप ओढला, बीट खाऊन खाऊन जीभ लाल झाली, धाप तशीच. सासूबाई मला काही बोलल्या नाहीत. पण काम निघालं की हिला धाप लागते, असं शेजारणीला सांगताना मी त्यांना ऐकलं होतं.

शेवटी छातीच्या एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बेन, बाळंतपणानंतर पाय सुजला होता?"

"डावा. पण आपोआप उतरला."

त्यांनी लगेच हृदयाची सोनोग्राफी लिहून दिली, मग फुप्फुसांचा स्कॅन. शिवाय सहा मिनिटं चालायची परीक्षा. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून मी कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालू लागले, तर नवराही बरोबर निघाला. "भाई, परीक्षा यांची आहे," नर्स म्हणाली. तो बाकावर बसला आणि बसल्या बसल्या पाय चालवत राहिला. मला इतकं हसू आलं की धाप लागून थांबावं लागलं. नर्सने कागदावर तसंच लिहिलं.

रिपोर्ट आले. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन चिकटून बसली होती, त्यामुळे तिथल्या नसांमधला रक्तदाब वाढला होता. असं फार थोड्यांना होतं.

"म्हणजे टेन्शन नाही?"

"अजिबात नाही. आणि ऑपरेशनने गुठळ्या काढता येतील."

रडायला हवं होतं बहुतेक. आम्ही दोघं रिक्षात बसून आजाराचं ते लांबलचक इंग्रजी नाव पाठ करत होतो, दर वेळी कुठेतरी घसरत होतो आणि हसून लोळत होतो. रिक्षावाल्याने विचारलं, "नवी कंपनी आहे का?"

घरी सासूबाई काय झालं ते विचारायला दारातच उभ्या. "काय व्हयनं वं?"

मी सगळं सांगितलं. त्या चप्पल घालून तडक शेजारणीकडे गेल्या, आणि तिथून पुढच्या दारी. संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळलं होतं की आमच्या सुनेचा आजार खरा आहे, आणि साधासुधाही नाही.

ऑपरेशन मुंबईत झालं. रक्त पातळ करणारी गोळी आता कायमची. यंदा नवरात्रात सोसायटीच्या गरब्यात मी सलग तीन फेऱ्या घेतल्या. सासूबाई खुर्चीवरून टाळ्या वाजवत होत्या, सगळ्या चुकीच्या ठेक्यावर.