आबांच्या घोंगडीशेजारी

परवा नातवासाठी कोमट दुधात भाकरी कुस्करली आणि त्या वासानं मी थेट घाटमाथ्यावरच्या कुरवंड्याला, सासरच्या ओसरीवर जाऊन पोचले.

तेव्हा माझे सासरे, आबा, नुकतेच गेले होते. त्यांचा म्हातारा, आंधळा कुत्रा भुऱ्या त्यांच्याच हातून खायचा. ते गेल्यापासून त्यानं अन्नाला तोंड लावलं नव्हतं. त्या दुपारी धुकं पार उंबऱ्यापर्यंत आलं होतं. मी दूध-भाकरीचा घास पुढं केला, तर त्यानं मान फिरवली.

"खा रं बाबा, असा मरू नगंस," मी रडकुंडीला येऊन म्हणाले.

एकाएकी त्यानं कान टवकारले. आबांच्या रिकाम्या घोंगडीकडं तोंड करून तो शेपटी हलवू लागला. वारा अजिबात नव्हता, तरी त्याच्या कानामागची लव हळूहळू दबत गेली, कुणी हात फिरवावा तशी. मग त्यानं माझ्या हातातला घास खाल्ला.

सासूबाई दारात आल्या. घोंगडीकडं बघून त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

"आलात व्हय?" त्या हलकेच म्हणाल्या.

मी तेव्हा भीतीनं भिंतीला चिकटले होते. आता माझे यजमानही नाहीत. त्या दुपारची आठवण आली, की मला सासूबाईंचा हेवा वाटतो.