शाफ्ट जमिनीवर होता, तरी गाडी वाजली

या ग्रुपवर भुताखेतांचे अनुभव वाचून सगळ्यात जास्त खिदळणारा मीच. बोइसरला माझं गॅरेज आहे, एकवीस वर्षं झाली. लोक गाडीला लिंबू-मिरची बांधून येतात आणि मी आधी विचारतो, "ब्रेक ऑइल कधी बदललंत?" त्यामुळे मी हे लिहितोय म्हटल्यावर बायकोसुद्धा हसतेय. हसू दे. घडलं ते घडलं!

मासवणच्या सुमनताई स्वतःची जीप चालवतात. पाड्यावरच्या नऊ बायकांना सकाळी एमआयडीसीत कामाला आणायचं, संध्याकाळी घरी सोडायचं. त्या गाडीला आवाज लागला. क्लच सोडला की मागून 'टक्', रिव्हर्सवरून पहिला गिअर टाकला की 'टक्'. कंपनीच्या सुपरवायझरने स्पष्ट सांगितलं — सोमवारी गाडी तपासणार, आवाज राहिला तर ट्रिप बंद. आणि वाघोबाच्या खिंडीपलीकडे त्या पाड्यापर्यंत दुसरा कोण जातोय? म्हणजे नऊ जणींचं काम गेल्यातच जमा.

दोन गॅरेज फिरून त्या माझ्याकडे आल्या. मी ऐटीत सांगितलं, "ताई, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा लांब शाफ्ट असतो ना, त्याच्या सांध्यातला क्रॉस गेलाय. डोळे झाकून सांगतो." क्रॉस बदलला. आवाज तस्सा! गिअरबॉक्सखालचं रबर बदललं. टक्! असं डोकं सटकलं म्हणता...

"भाऊ, नाय जमत तर नाय म्हना," सुमनताई शांतपणे म्हणाल्या. "आमी रडत नाय बसनार. पन खोटं नका सांगू."

हे मला लागलं. शनिवारी दुपारीच गाडी चार स्टँडवर चढवली होती. रविवारी अकराच्या सुमाराला शाफ्ट काढून जमिनीवर ठेवला. इंजिन बंद, बॅटरीची वायर काढलेली, गाडीत कोणी नाही. मी आणि ताई बाकावर चहा पीत होतो. तोच शाफ्ट परत बसवायचा आणि "चालवा, काही होत नाही" म्हणून गाडी सोडून द्यायची, असं मी मनात ठरवलं होतं. हो, कबूल करतो.

टक्... टक्... टक्.

तोच आवाज! ताईंचा चहा सांडला. शेजारचा वेल्डर काम टाकून धावत आला, "उस्ताद, अंदर कोई है क्या?" आत कोण असणार, कप्पाळ! वाकून पाहिलं — उंदीर नाही, मांजर नाही. आणि पुन्हा तीन वेळा. सावकाश, सारख्या अंतराने.

आता इथे एक सांगायला हवं. मी तारापूरकडच्या मच्छीमार घरातला. माझे काका होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे, त्या आवाजाने कान पार गेलेले. ते बांबूची काठी दातात धरायचे, दुसरं टोक इंजिनाला टेकवायचे आणि खडखड कुठली ते दातांनी ओळखायचे. मला त्यांनी ते शिकवलं होतं. पण बोइसरात गिऱ्हाईक हसेल म्हणून मी कधी केलं नाही. त्या दिवशी म्हटलं, लाज गेली खड्ड्यात. बांबू दातात धरून गाडीखाली शिरलो. गिअरबॉक्सला टेकवला — काही नाही. मागच्या चाकांमधल्या डिफरेन्शियलच्या गोळ्याला — नाही. मागच्या डाव्या चाकाजवळच्या पाट्यांना, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगला टेकवला आणि... टक्! पार टाळूपर्यंत झिणझिण्या.

पाटे उघडले. एक्सलला, म्हणजे चाकांच्या आसाला, जागेवर धरणारा मधला बोल्ट — दोन तुकडे! बाहेरून तो दिसतच नाही. गिअर पडला की अख्खा एक्सल सरकत होता, आणि मी बिचाऱ्या शाफ्टला शिव्या घालत बसलो होतो. भरल्या गाडीने खिंड उतरताना तो निसटला असता तर... मी गाडीखालूनच ओरडलो, "ताई, सापडलाऽऽ!"

सोमवारी मीही कंपनीत गेलो. सुपरवायझर स्वतः ताईंच्या शेजारी पुढे बसला. मागे नऊ बायका श्वास रोखून. पुढे, मागे, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. आवाजाचं नाव नाही! तो "ठीक आहे" म्हणाला आणि मागून अशी आरोळी उठली की गेटवरचा वॉचमन बाहेर आला. मीपण ओरडलो, खोटं कशाला बोलू.

आता ग्रुपवरचे हुशार सांगतील, लोखंड तापलं, आकसलं. अहो, गाडी सावलीत, आदल्या दिवसापासून स्टँडवर, चाकं लोंबकळत. पाट्यांवर वजनच नव्हतं! नवा बोल्ट टाकायच्या आधी मी तुटलेलाच परत घालून, गाडी तशीच ठेवून दोन तास समोर बसलो. चिडीचूप.

तो आवाज कशाचा, असं सुमनताईंना विचारलं, तर म्हणाल्या, "गाडी आमची हाय. ती आमाला मारंल कशी?"

हे काही उत्तर नाही, मला ते पटलेलंही नाही. पण तो बोल्ट मी शोधला असं कुणी म्हणालं, की हल्ली माझ्याच्याने 'हो' म्हणवत नाही.